लिहिणाऱ्या मित्राला हस्तलिखित कसे वाचून दाखवावे: टॉल्किन आणि लुईस यांच्या बैठकींतून

११ मे १९२६ रोजी ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजात इंग्रजीच्या अध्यापकांची चहापानाची बैठक झाली आणि त्या रात्री सत्तावीस वर्षांच्या सी. एस. लुईस यांनी आपल्या रोजनिशीत एका नव्या सहकाऱ्याविषयी नोंद केली. हा गृहस्थ गुळगुळीत बोलणारा, फिकट चेहऱ्याचा व लहानखुरा आहे, त्याच्यात वाईट काही नाही, एखाद-दुसरी चपराक दिली की झाले, असा त्या नोंदीचा आशय होता. हे गृहस्थ म्हणजे जे. आर. आर. टॉल्किन. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी पूर्ण होण्याचे सर्वांत मोठे श्रेय त्यांनी ज्या एका माणसाला दिले, तो माणूस ही नोंद करणाराच होता.

या दोघांच्या मैत्रीबद्दल बोलताना सहसा ‘प्रभाव’ हा शब्द पुढे येतो, परंतु टॉल्किन यांनी स्वतः तो नाकारला होता. लुईस यांचे आपल्यावरील न फिटणारे ऋण म्हणजे नेहमीच्या अर्थाचा प्रभाव नव्हे, ते निखळ प्रोत्साहन होते, दीर्घ काळ तेच आपले एकमेव श्रोते होते आणि आपले लेखन खासगी छंदापलीकडे काही असू शकते ही कल्पना केवळ त्यांच्यामुळे सुचली, असे त्यांनी १९६५ साली एका पत्रात लिहिले. श्रोता असणे ही एक रीत आहे आणि ती शिकता येते. आम्ही चौघे गेली काही वर्षे महिन्यातून दोनदा एकमेकांचे लेखन ऐकण्यासाठी बसतो. ऑक्सफर्डच्या या दोघांकडून आम्ही जे उचलले आणि जे उचलल्यावर फसले, ते दोन्ही येथे मांडतो. एकट्याने कादंबरी किंवा कथा लिहीत असलेल्या आणि ‘कोणाला दाखवू?’ या प्रश्नाशी अडलेल्या लेखकासाठी हे लिहिले आहे.

माणूस कसा निवडावा

आपल्यासारखे लिहिणारा माणूस शोधू नये. आपल्यासारखीच भूक असलेला माणूस शोधावा. लुईस आणि टॉल्किन विभागातील अभ्यासक्रमाच्या वादात सुरुवातीला विरुद्ध बाजूंना होते. टॉल्किन अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक, भाषाशास्त्राचे कैवारी. लुईस साहित्याच्या बाजूचे. एक कॅथलिक, तर दुसरा त्या वेळी ईश्वरच न मानण्याकडून हळूहळू दुसरीकडे सरकत असलेला. दोघांना एकत्र आणले ते उत्तर युरोपातील जुन्या पुराणकथांनी. टॉल्किन यांनी आइसलँडमधील जुन्या गाथा मूळ भाषेतून वाचण्यासाठी एक मंडळ काढले होते. त्याचे नाव त्या भाषेत ‘कोळसे चावणारे’ अशा अर्थाचे होते, म्हणजे थंडीत शेकोटीच्या इतक्या जवळ सरकणारे, की जणू निखारेच तोंडात जावेत. लुईस त्या मंडळात आले, शब्दकोश घेऊन आपल्या वाट्याच्या ओळी अडखळत लावू लागले, आणि तेथे ही मैत्री रुजली.

यातून आम्ही उचललेली पहिली गोष्ट अशी की, लेखन वाचून दाखवण्यापूर्वी काही महिने दुसऱ्याच कोणाचे तरी पुस्तक एकत्र वाचावे. समोरचा माणूस कुठे हसतो, कुठे कंटाळतो, कोणत्या वाक्यापाशी थांबून ते पुन्हा वाचायला लावतो, हे त्या काळात कळते. पुढे तुमच्या प्रकरणावर तो ‘इथे लांबलं’ म्हणेल, तेव्हा त्या शेऱ्याचे वजन किती धरायचे हे ठरवण्यासाठी ही ओळख लागते. घाई करू नये. टॉल्किन यांनी स्वतःची दीर्घ कविता लुईस यांच्या हाती दिली ती १९२९ च्या अखेरीस, म्हणजे पहिल्या भेटीनंतर तीन वर्षांहून अधिक काळाने.

आधी दाद, मग दुरुस्ती, आणि मध्ये अंतर

ती कविता बेरेन नावाचा मर्त्य मानव आणि लूथियेन ही अमर एल्फ वंशातील राजकन्या यांच्या प्रेमाची होती, आणि ती टॉल्किन यांच्या अगदी आतली होती. आपल्या पत्नीच्या समाधीशिळेवर त्यांनी पुढे लूथियेन हेच नाव कोरवले. असे लेखन हातात आल्यावर लुईस यांनी काय केले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ७ डिसेंबर १९२९ रोजी, वाचन पूर्ण होण्याआधीच, त्यांनी एक छोटे पत्र पाठवले. इतकी आनंदाची संध्याकाळ फार दिवसांत लाभली नव्हती, मित्राची कविता म्हणून वाचण्याचा यात फारसा संबंध नव्हता, आणि बारीकसारीक हरकतींची यादी मागाहून येईल, असे त्यांनी कळवले. दाद आणि दुरुस्ती अशा वेगवेगळ्या टपालाने आल्या.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच श्वासात सांगण्याची खोड आहे. ‘छान झालंय, पण’ या वाक्यातील ‘पण’च्या आधीचे काहीही लेखकाला ऐकू येत नाही. म्हणून ऐकल्याच्या रात्री फक्त काय भावले ते, नेमके स्थळ सांगून कळवावे. ‘सुंदर’ एवढेच म्हणणे म्हणजे काहीच न म्हणणे. ‘आजी देवळीत ठेवलेला दिवा विझवते तेव्हा तिचा हात थरथरत नाही, तिथे मी दचकलो’ असे सांगितले, तर लेखकाला आपले काय साधले ते समजते. हरकती दोन-चार दिवसांनी लिहून द्याव्यात.

लुईस यांची हरकतींची यादी जेव्हा आली, तेव्हा ती एका सोंगात आली. टॉल्किन यांची कविता हे जणू शतकानुशतके नकलून आलेले एखादे प्राचीन हस्तलिखित आहे, असे गृहीत धरून त्यांनी विद्वानांची टीका रचली. पंपरनिकल, पीबॉडी, शिक अशा काल्पनिक पंडितांच्या नावांवर त्यांनी आपली मते घातली. एखादी ओळ कच्ची वाटली की ती मूळ कवीची नव्हेच, कोणा नकलकाराने भ्रष्ट केलेली आहे, असे एक पंडित म्हणे, आणि दुसरा एखाद्या काल्पनिक पोथीतील ‘अधिक शुद्ध’ पाठ पुढे करी. पंपरनिकल हे एका जर्मन पावाचे नाव आहे, एवढे सांगितले म्हणजे त्या विद्वत्तेची जातकुळी लक्षात येईल. या विनोदाने काम मात्र गंभीर साधले. लुईस यांनी हरकत घेतलेल्या बऱ्याच ओळींवर टॉल्किन यांनी खुणा केल्या आणि त्यांतील अनेक पुन्हा लिहिल्या.

मराठी वाचकाला हा खेळ परका वाटू नये. पाठभेदांचा शोध आपल्याकडे ज्ञानेश्वरीने घरोघरी पोहोचवला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची प्रत शुद्ध केली आणि शेवटी बजावले, की या ग्रंथात जो आपली ओवी घुसडील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली असे समजावे. लेखक-मित्राला सूचना करताना हे बजावणे मी दरवेळी मनात घोळवतो. लुईस यांनी स्वतःच्या ओळी सुचवल्या खऱ्या, परंतु त्या ‘दुसऱ्या पोथीतील पाठ’ म्हणून, आणि स्वीकारायच्या की नाही हे सर्वस्वी टॉल्किन यांच्यावर सोडून.

आमच्या बैठकीतील एक नमुना देतो. गडावरील वेढ्याच्या एका कथेत वाक्य होते: ‘पावसाच्या थेंबांनी तटबंदीचे अश्रू पुसले.’ त्यावर आलेली टीप अशी: ‘हे वाक्य जुन्या पोथीत नाही. नकलकार त्या दिवशी भिजला असावा, कारण पावसाने अश्रू पुसले जात नाहीत, उलट कोणते पाणी कोणाचे हेच कळेनासे होते. पंडित वाळवीभक्षकशास्त्री यांच्या मते मूळ लेखकाने येथे फक्त पाऊस लिहिला होता.’ लेखिका हसली आणि तिने वाक्य काढले. हीच हरकत सरळ शब्दांत घेतली असती, तर त्या प्रतिमेच्या समर्थनार्थ अर्धा तास गेला असता. खोट असेल तर ती नकलकाराची, ही कल्पना लेखकाला आपल्याच मजकुराकडे तिऱ्हाइताप्रमाणे पाहू देते.

बैठक कशी चालवावी

‘इंकलिंग्ज’ या नावाने ओळखले जाणारे लुईस, टॉल्किन आणि त्यांच्या लेखक-मित्रांचे मंडळ १९३० च्या दशकाच्या प्रारंभापासून साधारण १९४९ पर्यंत चालले. नाव एका विद्यार्थी-मंडळाकडून आले होते आणि त्यात अंधूक चाहूल व शाई अशा दोन अर्थांची कोटी होती. गुरुवारी रात्री मॉडलिन कॉलेजातील लुईस यांच्या खोल्यांत ही मंडळी जमत. मंगळवारी सकाळी ‘ईगल अँड चाइल्ड’ नावाच्या मद्यगृहात जी गाठभेट होई ती गप्पांची, आणि पर्यटक आज तीच जागा पाहायला जातात. हस्तलिखिते प्रामुख्याने वाचली गेली ती मात्र गुरुवारी. लुईस यांचे थोरले बंधू वॉर्नी यांनी वर्णन करून ठेवले आहे: पाच-सहा जण आले की कडक चहा होई, पाइप पेटत, आणि मग लुईस विचारत, कोणाकडे वाचण्यासारखे काही आहे की नाही? सभासदत्वाचे नियम नव्हते, इतिवृत्त नव्हते, पदाधिकारी नव्हते. हस्तलिखित बाहेर येई, आणि न्यायदान सुरू होई. ते परस्परस्तुतीचे मंडळ नव्हते, याचा वॉर्नी यांनी आवर्जून उल्लेख केला आहे.

आमच्या अनुभवात वाचन वीस-पंचवीस मिनिटांचे असावे. मराठी गद्य सावकाश, समजेल असे वाचले तर तेवढ्या वेळात दोन ते अडीच हजार शब्द होतात. त्यापुढे चांगला श्रोताही खिडकीबाहेर पाहू लागतो. ऐकणाऱ्यांच्या हातात छापील प्रत देऊ नये. प्रत दिली की माणसे ऱ्हस्व-दीर्घ तपासू लागतात आणि कथा ऐकायची राहून जाते. कानाला जे अडते ते डोळ्याला सहसा अडत नाही. लागोपाठ तीन वाक्ये ‘होता’ने संपणे, दोन पात्रांच्या बोलण्यात फरकच नसणे, किंवा ‘तो’ म्हणजे नेमका कोण हे न कळणे, हे दोष मोठ्याने वाचताच उघडे पडतात.

कानावर विसंबण्याचा तोटाही सांगितला पाहिजे. टॉल्किन यांच्या कल्पित इतिहासातील न्यूमेनोर हे बुडालेले बेट लुईस यांनी १९४५ साली आपल्या एका कादंबरीत उसने घेतले, आणि नाव केवळ ऐकलेले असल्यामुळे त्याचे स्पेलिंग चुकवले. टॉल्किन यांना ते खटकले. मित्राच्या कथेतील गावाचे, देवाचे किंवा माणसाचे नाव उचलायचे झाल्यास आधी विचारावे आणि कागदावर पाहून घ्यावे.

स्वतःला नीट वाचता येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचवून घेण्यात कमीपणा नाही. टॉल्किन भरभर आणि पुटपुटल्यासारखे बोलत. त्यांचा मुलगा ख्रिस्तोफर मंडळात आल्यावर नव्या प्रकरणांचे वाचन त्याच्याकडे गेले, आणि ते वडिलांपेक्षा सरस होते असे सर्वांचे मत पडले. दुसऱ्याच्या तोंडून आपले वाक्य ऐकताना तो कुठे ठेचकाळतो हे लेखकाला दिसते, हा वरचा लाभ.

आता गर्दीविषयी. मंडळ वाढले की एखाद्याला तुमचे लेखन मुळातच नकोसे असणार. मंडळातील ह्यूगो डायसन यांना टॉल्किन यांच्या कथेचा कंटाळा होता. ते उघडपणे कुरकुरत, आणि काही काळ तर त्यांच्या उपस्थितीत ते वाचन बंदच राहिले. आमच्याकडेही एका गृहस्थांमुळे दोन जणांनी वाचणे थांबवले होते. आम्ही तेव्हा संकोचाने काही बोललो नाही, ही आमची चूक. मोठे काम चालू असेल तर मंडळाच्या जोडीला एकाच श्रोत्याची वेगळी बैठक ठेवावी. १९४४ च्या वसंतात, बराच काळ अडकलेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ टॉल्किन यांनी लुईस यांच्या तगाद्यामुळे पुन्हा हाती घेतली आणि सोमवारी सकाळी ते लुईस यांना प्रकरणे वाचून दाखवू लागले. मंडळातील लेखक चार्ल्स विल्यम्सही कधी तेथे असत. कथेचा नायक फ्रोडो मेला असे समजून त्याचा सोबती सॅम एकटा पुढे निघतो, त्या प्रकरणाला लुईस यांच्या डोळ्यांत पाणी आले, हे टॉल्किन यांनी दक्षिण आफ्रिकेत हवाई दलात असलेल्या ख्रिस्तोफरला लगेच लिहून कळवले. वयाची पन्नाशी ओलांडलेला प्राध्यापक आपल्या मुलाला असे कळवतो, यावरून श्रोत्याचे मोल समजावे.

पैज लावावी

काही वेळा लेखनाला विषयापेक्षा निमित्त हवे असते. १९३६-३७ च्या सुमारास लुईस मित्राला म्हणाले, की आपल्याला खरोखर आवडते तसे कथांमध्ये फार थोडे सापडते, तेव्हा ते आपल्यालाच लिहावे लागणार. नाणेफेक झाली. लुईस यांच्या वाट्याला अवकाशप्रवास आला, टॉल्किन यांच्या वाट्याला कालप्रवास. लुईस यांची ‘आउट ऑफ द सायलेंट प्लॅनेट’ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक भाषाशास्त्रज्ञ आहे, आणि ती प्रकाशित व्हावी म्हणून टॉल्किन यांनी आपल्या प्रकाशकाकडे शब्द टाकला होता. टॉल्किन यांची कथा मात्र काही प्रकरणांनंतर थांबली. तरीही तिच्यासाठी रचलेली न्यूमेनोरच्या बुडण्याची हकिकत त्यांच्या पुढील सर्व लेखनाचा पाया होऊन बसली. म्हणून पैज लावताना मुदत ठरवावी, परंतु अपुऱ्या राहिलेल्या कागदांना हार समजून फेकू नये.

सूचना आल्यावर

टीका झाली की टॉल्किन एकतर सगळे काम पहिल्यापासून सुरू करतात किंवा तिच्याकडे साफ दुर्लक्ष करतात, असे लुईस यांनी म्हटले आहे. हे पूर्ण खरे नाही, आणि मला वाटते लुईस यांनाही ते ठाऊक असावे. हॉबिट मंडळी, म्हणजे टॉल्किन यांच्या कथांतील बुटकी माणसे, नेहमीच्या घरगुती वातावरणात असताना मजेदार वाटत नाहीत, त्यांच्या स्वभावाला न शोभणाऱ्या प्रसंगांत सापडली की वाटतात, ही लुईस यांची १९३८ मधील हरकत टॉल्किन यांनी मानली. हॉबिटांच्या गप्पा लिहिण्याचा आपल्याला मोह आहे हे कबूल करून त्यांनी त्यांना कात्री लावण्याचे ठरवले.

प्रत्येक सूचनेला बैठकीतच उत्तर देऊ नये. वहीत लिहून घ्यावी, आठवडाभर ठेवावी, आणि मग तीन खुणांपैकी एक करावी: पटली, पटली नाही, किंवा उपाय पटला नाही पण दुखणे खरे आहे. तिसरी खूण सर्वांत जास्त वेळा करावी लागते. श्रोत्याला कुठे दुखते ते बहुधा बरोबर कळते. औषध लेखकानेच शोधायचे असते.

मित्राचे लेखन आवडलेच नाही तर

येथे टॉल्किन यांचा कित्ता गिरवू नये. १९४९ मध्ये लुईस यांनी नार्निया या आपल्या मुलांसाठीच्या अद्‌भुतकथामालेतील पहिल्या पुस्तकाचा आरंभ त्यांना वाचून दाखवला, तेव्हा त्यांना तो अजिबात रुचला नाही. आपले कल्पित जग भाषा, वंशावळ, नकाशे आणि चंद्राच्या कला जुळवून उभारणाऱ्या माणसाला एकाच बर्फाळ रानात रोमन पुराणातील अर्धा माणूस व अर्धा बोकड असा फॉन, बोलणारे बीव्हर आणि नाताळबाबा यांनी एकत्र नांदणे म्हणजे घाईचे कडबोळे वाटले. लुईस दुखावले गेले. रॉजर लॅन्सेलिन ग्रीन या तरुण मित्राने धीर दिला, लेखन पुढे चालले, आणि १९५० ते १९५६ या काळात सात पुस्तके निघाली.

टॉल्किन यांची हरकत त्यांच्या दृष्टीने सुसंगत होती. परीकथांवरील १९३९ च्या व्याख्यानात त्यांनी मांडले होते, की लेखक एक दुय्यम जग निर्माण करतो आणि त्या जगाचे नियम आतून पाळले गेले तरच वाचकाचा त्यावर विश्वास बसतो. हे व्याख्यान विस्तारित रूपात १९४७ साली ज्या लेखसंग्रहातून छापले गेले, त्याचे संपादक लुईसच होते. लुईस यांची कथा मात्र चित्रांतून येई. हातात छत्री आणि पुडकी घेऊन बर्फातून चाललेला फॉन त्यांच्या मनात सोळाव्या वर्षापासून होता. नकाशापासून सुरू होणारी आणि चित्रापासून सुरू होणारी अशा या दोन वाटा आहेत, आणि त्यानंतरच्या अद्‌भुतकथांचे लेखक आजही त्यांच्यापैकी एकीवर, क्वचित दोहींवर, चालताना दिसतात. मित्र दुसऱ्या वाटेचा असेल तर आपल्या वाटेच्या मोजपट्टीने त्याला मापू नये. ‘मी या प्रकारचा वाचक नाही, म्हणून माझे मत कमी धरा, मात्र या पानावर मला गोष्ट कळली नाही’ इतके सांगणे प्रामाणिकपणाला पुरते.

जाहीर पाठिंबा जपून द्यावा. ‘द हॉबिट’ १९३७ मध्ये आले तेव्हा लुईस यांनी त्यावर नाव न देता परीक्षणे लिहिली, आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वेष्टनावरही त्यांचा मजकूर होता. आपल्या पाठिंब्याने लाभाइतकाच तोटा होऊ शकेल, हा इशारा त्यांनीच टॉल्किन यांना आधी दिला होता. आज मित्राच्या पुस्तकावर लिहायचे झाल्यास मैत्रीचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करावा, हे उत्तम.

बैठक थांबते तेव्हा

२७ ऑक्टोबर १९४९ च्या गुरुवारी लुईस यांच्या खोलीवर कोणीच आले नाही. वॉर्नी यांनी रोजनिशीत तशी नोंद केली, आणि वाचनाच्या रात्री तेथे संपल्या. पुढे लुईस आणि टॉल्किन यांच्यात अंतरही पडले. लुईस यांनी केलेला विवाह टॉल्किन यांना उशिरा, दुसऱ्यांकडून समजला. तरीही १९५४ मध्ये लुईस यांनी केंब्रिजचे प्राध्यापकपद स्वीकारावे म्हणून टॉल्किन यांनी त्यांचे मन वळवले, आणि १९६१ च्या नोबेल पारितोषिकासाठी लुईस यांनी टॉल्किन यांचे नाव सुचवले. वाचनाची बैठक थांबली म्हणजे मैत्री मोडली असे धरू नये. ती ओढून-ताणून चालवूही नये. सलग तीन वेळा कोणाकडेच नवे पान नसेल, तर आम्ही दोन महिने सुट्टी घेतो.

एक काम मात्र सुट्टीतही करावे. आलेल्या टिपांवर तारीख घालून त्या ज्या मजकुराच्या असतील त्याच्यासोबत एका फायलीत ठेवाव्यात. लुईस कागद जपणाऱ्यांपैकी नव्हते. पंपरनिकल आणि पीबॉडी आज आपल्याला वाचायला मिळतात ते टॉल्किन यांनी ती पाने ठेवून दिली म्हणून. ख्रिस्तोफर यांनी १९८५ साली ती कवितेसोबत छापली, आणि कोणती ओळ कोणत्या पंडिताच्या हरकतीनंतर बदलली हे तेथे एकेक करून तपासता येते.